तीस फुटांच्या पुढे

वर्णन : पुरुष. वय एकसष्ट. उंची पाच फूट सहा इंच, पादत्राणांविना. बांधा मध्यम, चष्मा जाड, आवाज खणखणीत. ओळखीची खूण : डाव्या अंगठ्याचे नख कायमचे काळे, पितळी वजनावर शिक्का मारताना हातोडी एकदा सरकल्यामुळे. सेवा : वजनमापे निरीक्षक, तेहतीस वर्षे चार महिने. उपरोक्त कालावधीत सदर इसमाच्या हातून मापात चूक झाल्याची नोंद कोठेही आढळत नाही. कुटुंब : पत्नी एक, कन्या एक. व्यसन : नाही. छंद : सेवानिवृत्तीच्या दिनांकापर्यंत निरंक.

बाजारात त्यांना मापसाहेब म्हणत. ते कोपऱ्यावर दिसले की दुकानदार तराजूची पारडी पुसायला घेत, आणि ज्यांना पुसून भागणार नव्हते ते दुकान बंद करून जेवायला जात, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात. तेहतीस वर्षांत त्यांनी कुणाकडून एक लिंबूसुद्धा फुकट घेतले नाही. लोक त्यांना मान देत, आणि शक्यतो लांबूनच देत.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या अंदाजाने जगत. मीठ चिमटीने, चहा डोळ्याने, वेळ उन्हाने. ज्या घरात सरकारी शिक्क्याचे एक लिटरचे माप फळीवर होते, त्या घरात दूध एका कानतुटक्या भांड्याने मोजले जाई, आणि त्या भांड्यात नेमके किती मावते हे मापसाहेबांनी लग्नानंतर आठवड्याभरात तपासले होते. नऊशे चाळीस मिलिलिटर. "म्हणजे गवळी तुला रोज साठ कमी देतोय," ते म्हणाले. "अहो, तो वर एक धार देतो ना," काकू म्हणाल्या. ती धार किती, हे मोजायचा त्यांनी पुढे बराच प्रयत्न केला.

घर बैठे होते, तीन खोल्यांचे. स्वयंपाकघर मागच्या बाजूला. ओट्याच्या वर खिडकी, खिडकीबाहेर वीतभर रुंद दगडी पट्टी, आणि पलीकडे लांबट परस : नळ, धुणे धुण्याचा दगड, वाळत घालायची तार, शेवटी पेरूचे झाड आणि भिंत. काकूंचे गुडघे चाळिशीतच रुसले होते, त्यामुळे त्या ओट्याशी उंच स्टुलावर बसून काम करीत. काम करता करता हाताला येईल ते पट्टीवर ठेवीत. शिळा भात, पावाचा चुरा, पपईची साल, उकडलेल्या अंड्यातला पिवळा तुकडा. एकच ढीग. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे.

पक्षी येत. काकूंना त्यांची नावे फारशी येत नसत, पण नाती पक्की होती. मान हलवत येणारा होला म्हणजे कारकून, कारण तो सगळ्याला हो म्हणे आणि काहीच उचलत नसे. डोक्यावर तुरा आणि बुडाखाली लाल ठिपका असलेली बुलबुलाची जोडी म्हणजे विहीण आणि व्याही, कारण ती येतानाच भांडत येत आणि पपई संपली की तडक निघत. साळुंक्या म्हणजे आत्याबाई. आणि दयाळ, काळ्या-पांढऱ्या अंगरख्याचा, शेपूट ताठ उभी करून बसणारा, शीळ घालणारा, तो जावईबुवा.

"बघा, थोडंसंच खातात, पण आधी सगळं नीट पाहून घेतात," काकू म्हणत. "आणि पाय ठेवायला जागा पुसून लागते."

मुलगी परगावी नोकरी करी, वय एकतीस, लग्नाचे नाव नाही. ती सुटीत आली की म्हणे, "आई, तुला मिळेल तो जावई हाच गं. सांभाळ त्याला."

"सांभाळतेय की. तुझ्यापेक्षा वेळेवर येतो," काकू म्हणत.

जावईबुवा खरोखरच वेळेवर येत. सकाळी सातच्या सुमारास, काकूंच्या हातापासून दोन हातांवर. काकू हात थांबवत, त्याच्याकडे पाहत, आणि तोही मान वाकडी करून त्यांच्याकडे पाही. तेहतीस वर्षे मापसाहेब त्या वेळी दाढी करत असत. त्यामुळे हा सोहळा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

मग ते निवृत्त झाले.

पहिला महिनाभर ते घरात चुकून आलेल्या पाहुण्यासारखे वावरले. दुसऱ्या महिन्यात त्यांचे लक्ष पट्टीकडे गेले.

"हे काय आहे?"

"भात."

"भात दिसतोय. पण सगळ्यांना एकच? मुनियेला भाताचं शीत गिळता येत नाही, होल्याला धान्य लागतं, बुलबुलाला फळ. आणि कावळा येऊन सगळं घेऊन जातो. याला वाटप म्हणत नाहीत."

"मी वाटप करतच नाही. मी ठेवते."

मापसाहेबांना हे उत्तर इतके बेकायदेशीर वाटले की ते त्याच दुपारी ग्रंथालयात गेले. तिथून त्यांनी परसात पक्षी कसे बोलवावेत यावरचे एक जाड पुस्तक आणले, दोनदा वाचले, आणि पेन्सिलीने खुणा केल्या. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला. काकूंनी तो खुललेला चेहरा पाहिला, आणि पुढे जे झाले त्यात या पाहण्याचा वाटा मोठा आहे.

कारण त्याच महिन्यात काकूंनी दुसरीही एक गोष्ट ऐकली होती. मुलगी आली असताना दोघी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. घरी सांगितले की चष्म्याचा नंबर वाढलाय. डॉक्टरांनी सांगितले होते ते वेगळे : डोळ्याच्या मागची नस सुकतेय. थेंबांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. लांबचे बारीक आत्ताच गेले आहे. हाताच्या अंतरावरचे दिसेल, वर्षभर, फार तर दीड वर्ष. मग उजेड आणि सावली.

परतताना रिक्षात मुलगी म्हणाली, "बाबांना आज सांगायचं."

"नको."

"आई!"

"अगं, सांगितलं तर ते रोज सकाळी माझे डोळे तपासतील. वाण्याच्या तराजूसारखे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावतील, खाली तारीख घालतील. मला तसं नाही जायचं." मग त्या म्हणाल्या, "आणि कधी नव्हे ते खूश आहेत. पक्ष्यांचं होऊ दे. मग सांगते."

डॉक्टरांनी दिलेले थेंब मात्र मापसाहेबच घालत. दिवसातून तीनदा, घड्याळ लावून, एक थेंब म्हणजे एकच. थेंब किती, हे त्यांनी कधी चुकवले नाही. कशासाठी, हे विचारले नाही.

इकडे सुतार आला. हा सुतार गल्लीतल्या सगळ्या दारांना ओळखणारा, तोंडात कायम दोन खिळे, आणि खिळे असतानाही बोलणारा. मापसाहेबांनी त्याच्यापुढे आलेख-कागदावर काढलेली सहा चित्रे ठेवली.

"दाणापात्र क्रमांक एक. ही नळी. छिद्रं पाव इंच, त्याहून एक केस मोठी नकोत. यात राळा. मुनियांसाठी. क्रमांक दोन, उघडा पाट, कडेला अर्धा इंच पट्टी, खाली पाणी निथळायला भोकं. होले. क्रमांक तीन, जाळी. शेंगदाणे. चार, फळ खोचायला खिळा. बुलबुल, तांबट. पाच, साखरपाण्याची बाटली, तोंडाशी लाल रंग. शिंजीर. साखर एक भाग, पाणी चार भाग. आणि सहा, झाकण असलेली वाटी, सुक्या अळ्यांची. दयाळ."

"चिमण्या?" सुताराने विचारले.

"क्रमांक एकची खालची दांडी. पण ती दांडी साधी नाही. पन्नास ग्रॅमवर वजन बसलं की दांडी खाली जाईल आणि छिद्रं झाकली जातील. चिमणी पंचवीस ग्रॅम. ती खाईल. कबूतर तीनशे. ते बसेल आणि उपाशी राहील."

सुताराने खिळे तोंडातून काढले. "साहेब, म्हणजे पाखरं वजन करून जेवायला बसणार?"

"तपासून. फरक आहे."

दांडी बसवायला चार दिवस गेले. मापसाहेबांनी कपाटातून जुन्या नमुना वजनांची पेटी काढली, मखमलीच्या खणांतली, चिमट्याने उचलायची. एकोणपन्नास ग्रॅमला दांडी स्थिर, एक्कावन्नला खाली. सुतार म्हणाला, "आपण शिक्का मारू का हिच्यावर?" आणि मापसाहेबांनी विनोद म्हणून न घेता त्यावर क्षणभर विचार केला.

मग प्रश्न आला की ही सगळी मंडळी टांगायची कुठे.

पुस्तकात त्यासाठी एक वाक्य होते. पक्षी काचेवर आपटून मरतात, उडण्याचा वेग घेतला की काच त्यांना आकाशासारखी वाटते, म्हणून दाणापात्र खिडकीपासून किती अंतरावर असावे ते त्यात दिले होते. मापसाहेबांनी त्या वाक्याखाली रेघ मारली, फीत काढली, आणि ओट्यावरच्या खिडकीपासून पेरूच्या झाडापर्यंत माप घेतले. तीस फूट हवे होते. त्यांनी चौतीस ठेवले. नोकरीत त्यांनी हेच केले होते : सीमेवर उभे राहायचे नाही, पुढे जाऊन उभे राहायचे. माप कमी भरले तर खटला होतो, जास्त भरल्याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही.

"आणि ही पट्टी," ते सुताराला म्हणाले, "इथे उतरती फळी ठोक. दाणा ठेवला की घसरला पाहिजे. इथं खायला मिळालं तर ते तिकडे जाणारच नाहीत."

सुताराने फळी हातात धरली, आणि खिडकीतून आत पाहिले. काकू स्टुलावर बसून वाटाणे सोलत होत्या.

"काकूंनी सांगितलंय का?"

"काकूंना मी सांगितलं आहे."

"ते वेगळं झालं," सुतार म्हणाला, पण खिळे पुन्हा तोंडात होते, त्यामुळे ते फारसे ऐकू आले नाही.

काकू म्हणाल्या, "अहो, तिथलं मला दिसत नाही."

"सवय होईल."

"एखादं तरी इकडे लावा. या जावईबुवांचं."

"अगं, नियम एकासाठी मोडला की सगळ्यांसाठी मोडला. आणि काचेवर आपटून मेला तर? चालेल तुला?"

काकूंना ते चालले नसते. वीस वर्षांत त्या खिडकीवर एकही पक्षी आपटला नव्हता, हे त्यांना आठवले ते नंतर, भांडी घासताना. आणि तोपर्यंत फळी ठोकून झाली होती.

खानावळ चालली, आणि उत्तम चालली. आठवड्यात चिमण्या, पंधरवड्यात मुनिया, महिन्यात शिंजीर. कबुतरे दांडीवर बसत, दांडीसकट खाली जात, आणि समोर झाकलेल्या छिद्राकडे बघत राहत. मापसाहेब या दृश्याकडे ज्या चेहऱ्याने पाहत तो चेहरा बाजारातल्या अनेकांनी ओळखला असता. ते दिवसातून पाच तास वेताच्या खुर्चीत बसून वहीत नोंदी करीत. गल्लीतली माणसे भिंतीवरून डोकावत. कुणी विचारले, "साहेब, आज किती जेवले?" तर त्याला आकडा मिळे.

संध्याकाळी ते वही घेऊन स्वयंपाकघरात येत आणि काकूंना वाचून दाखवत. "मुनिया सात. चिमणी बावीस. शिंजीर नर एक, मादी एक. बुलबुल दोन. तांबट एक, हा नवीन."

"व्याही आले होते म्हणजे," काकू म्हणत. "आणि जावईबुवा?"

"दयाळ निरंक."

रोज विचारत, रोज निरंक. क्रमांक सहाच्या वाटीतल्या अळ्यांना मुंग्या लागल्या, वाटी बदलली, मुंग्यांसाठी पाण्याची खळगी केली. दयाळ आला नाही. पुस्तकात लिहिले होते की हा पक्षी माणसाच्या वावराजवळ राहतो. मापसाहेबांनी खुर्ची पेरूच्या झाडाजवळ सरकवली, स्वतःचा वावर वाढवला. तरी निरंक.

"आज आला होता," एकदा काकू म्हणाल्या. "नळावर बसला होता. शीळ घातली."

"किती वाजता?"

"सात."

मापसाहेबांनी वही पाहिली. "सातला मी तिथंच होतो. नोंद नाही."

"नोंद नसेल. आला होता."

सहा महिन्यांनी काकूंच्या वाढदिवसाला त्यांनी दुर्बीण आणली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भाव न करता वस्तू घेतली होती, आणि तिचा त्यांना स्वतःलाच इतका आनंद झाला होता की काकूंनी ती लगेच डोळ्यांना लावली. दुर्बिणीत पांढुरक्या धुक्याचे दोन गोल होते, एरवीपेक्षा मोठे.

"दिसतंय?"

"हो हो. केवढं जवळ आलं!"

"तो बघ, तिसऱ्यावर कोण आहे?"

"छान आहे," काकू म्हणाल्या. त्या आयुष्यात फार कमी खोटे बोलल्या होत्या, त्यामुळे त्यांना ते नीट जमत नसे. पण मापसाहेबांचे लक्ष तिसऱ्यावर होते. मग दुर्बीण खाली ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, ही आहेच. पण ती फळी काढा ना. सकाळची एक तासभर."

"तासाभराने घोळ होतो. पक्ष्यांना घड्याळ कळत नाही."

जावईबुवांना कळत होते.

मंगळवारी आणि शुक्रवारी मापसाहेब सकाळी लवकर फिरायला जाऊन तसेच ग्रंथालयाच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसत. एका शुक्रवारी काकूंनी खिडकीची झडप उघडली, बशीत भात आणि अंड्याचा पिवळा घेतला, आणि बशी धरलेला हात बाहेर काढून बसल्या. हात भरून आला. सात वाजून गेले. मग तारेवर काहीतरी काळे हलले, नळावर आले, आणि बशीच्या काठावर टपकन बसले. काकूंना तो दिसला. काळा, पोटाशी पांढरा, पंखावर पांढरा पट्टा, डोळा मोहरीएवढा. मान वाकडी केलेली. बशी थरथरली तेव्हा तो थोडा दचकला, पण उडाला नाही.

असे सहा शुक्रवार आणि पाच मंगळवार झाले. मग मापसाहेबांना उतरत्या फळीच्या खालच्या कडेला दोन शिते सापडली.

ते रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. बाजारातसुद्धा नाही. तिथे ते फक्त पावती फाडत. त्यांनी स्टुलाजवळ खुर्ची ओढली आणि समजावून सांगितले. "तू प्रेमाने करतेस, मला माहीत आहे. पण दयाळ सहा नंबरवर का येत नाही, याचं कारण मी सात महिने शोधतोय. वाटी बदलली, मुंग्यांचं केलं. आणि कारण इथं आहे. तुझ्या हातात. तिकडच्या नोंदींना काय अर्थ राहिला?"

काकूंनी बराच वेळ ओट्यावरचे पाणी फडक्याने टिपले. टिपून झाल्यावरही टिपत राहिल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "नाही करणार."

आणि केले नाही. दिलेला शब्द त्या मोजूनमापून पाळत. अंदाजाचा कारभार फक्त मिठापुरता होता.

त्यानंतर सात महिने गेले. वहीत एकवीस जातींची नोंद झाली. दयाळाच्या रकान्यात सगळी पाने कोरी.

मग ती संध्याकाळ आली. ऊन अजून होते. पेरूच्या झाडावर एक हळद्या बसला होता. पिवळाजर्द, काळ्या डोक्याचा, आजवर न आलेला बाविसावा. मापसाहेब पळत आले. त्यांना पळताना गल्लीने कधी पाहिले नव्हते. "अगं, लवकर! दुर्बीण घे! फळाच्या खिळ्यावर! पिवळा!"

काकूंनी चाचपडून ओट्याच्या कोपऱ्यातली दुर्बीण घेतली, डोळ्यांना लावली, आणि खिडकीकडे वळल्या.

"दिसला?"

"हो. काय पिवळा आहे हो!"

दुर्बिणीच्या पुढच्या दोन्ही भिंगांवर काळी झाकणे तशीच होती.

मापसाहेब उभे राहिले. तेहतीस वर्षे चार महिने त्यांनी हेच काम केले होते. तराजूचा काटा मध्यावर उभा असताना पारड्याखाली काय चिकटवले आहे ते ओळखायचे. इतकी साधी लबाडी त्यांच्या आयुष्यात कुणी केली नव्हती, आणि इतके दिवस त्यांच्या हातून कुणी सुटले नव्हते.

"छान आहे," काकू पुन्हा म्हणाल्या, आणि दुर्बीण खाली ठेवताना ओट्याची कड आधी बोटांनी शोधली.

मापसाहेब पुढच्या खोलीत गेले आणि मुलीला फोन लावला. "तुझ्या आईच्या डोळ्यांना काय झालंय?"

 मग मुलीने सगळे सांगितले.

"कधीपासून?"

तिने महिना सांगितला. मापसाहेबांना हिशेब करायची गरज नव्हती. तो महिना वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात होता. दाणापात्रे कार्यान्वित.

"मला का नाही सांगितलं?"

"ती म्हणाली, पक्ष्यांचं होऊ दे, मग सांगते. मी दर महिन्याला विचारत होते, बाबा. ती म्हणायची, अजून नोंदी चालू आहेत." मग ती म्हणाली, "मीच सांगायला हवं होतं. मी तिचं ऐकलं."

"हाताच्या अंतरावरचं दिसेल, असं म्हणाले होते डॉक्टर?"

"तेव्हा. आता नाही. आता उजेड कळतो."

दुसऱ्या दिवशी ते ग्रंथालयात गेले आणि ते पुस्तक पुन्हा काढले. मागच्या कार्डावर एकाच वाचकाची सही होती, त्यांचीच. पान सापडायला वेळ लागला नाही, खूण होती. वाक्य असे होते : दाणापात्र खिडकीपासून तीन फुटांच्या आत, किंवा तीस फुटांच्या पुढे टांगावे. जवळ टांगल्यास पक्ष्याला वेग घ्यायला जागाच उरत नाही, आणि तोही तितकाच सुरक्षित राहतो.

पेन्सिलीची रेघ 'तीस' पासून सुरू होत होती.

त्या रेघेकडे ते किती वेळ पाहत होते, हे ग्रंथपाल सांगू शकेल. त्याने दोनदा विचारले, पुस्तक न्यायचे आहे का म्हणून. मापसाहेब म्हणाले, "नाही. तपासायचं होतं."

सुतार संध्याकाळीच आला. त्याने आधी उतरती फळी उपटली. खिळे वाकडे होऊन निघाले, ते त्याने खिशात टाकले, तोंडात नाही. मग क्रमांक सहाची वाटी पेरूवरून काढून आणली आणि खिडकीच्या चौकटीला लोखंडी बाहू लावला.

"किती ठेवू अंतर?"

"तीनच्या आत."

"म्हणजे नेमकं किती, साहेब? नंतर परत बोलवाल."

मापसाहेबांनी काकूंकडे पाहिले. त्या स्टुलावर बसून आवाजाच्या दिशेला चेहरा करून होत्या. "अगं, हात बाहेर काढ जरा," ते म्हणाले. काकूंनी काढला. "तिथं," ते सुताराला म्हणाले. "बोटांना लागेल तिथं."

सुताराने बाहू ठोकला. काम झाल्यावर तो नेहमीसारखे काहीतरी बोलेल असे वाटले होते. तो फक्त "येतो काकू" म्हणाला.

"सगळंच इकडे आणलंत का?" काकूंनी विचारले.

"हेच एक."

"बरं झालं. नाहीतर कारकुनाने उगीच डोकं खाल्लं असतं."

मापसाहेबांना काहीतरी बोलायचे होते. गेल्या दोन दिवसांत त्यांनी ते मनात बऱ्याचदा जुळवले होते, अर्जासारखे, विषय आणि संदर्भासह. ते म्हणाले, "तू तीनदा सांगितलंस."

"चारदा," काकू म्हणाल्या. "एकदा तुम्ही दाढी करत होतात."

एकोणीस दिवस कोणी आले नाही. मापसाहेब रोज वाटीत भात आणि अंड्याचा पिवळा ठेवत, अळ्या नाहीत. विसाव्या दिवशी सकाळी सातला नळावरून शीळ आली, आणि मग लोखंडी बाहूवर नखांचा बारीक आवाज.

काकूंनी वाटाणे सोलणारा हात थांबवला. मापसाहेब दाढीचा साबण लावलेल्या तोंडाने दारात उभे राहिले.

"आला," काकू हळूच म्हणाल्या. "अहो, कसा दिसतो?"

"एक. नर. लांबी साधारण आठ इंच."

"लांबी नका सांगू. कसा बसलाय?"

मापसाहेबांनी पाहिले. सव्वा वर्ष पक्षी पाहूनही हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, आणि वहीत त्याला रकाना नव्हता. "शेपूट वर करून," ते म्हणाले. मग थांबले. "पाणी द्यायला उशीर झालाय, असा बसलाय."

काकू हसल्या. "मान?"

"वाकडी."

"माझ्याकडे बघतोय?"

"हो," मापसाहेब म्हणाले. साबण गळ्यावर ओघळला होता.

त्या दिवशीच्या नोंदीत लिहिले आहे : दयाळ, एक. दाणापात्र क्रमांक सहा, खिडकीच्या काचेपासून अकरा इंच, दोनदा मोजले. त्यानंतर रोज सात वाजता तीच नोंद आहे. अंतर बरोबर आहे. पक्षी येतो. काकूंना तो दिसत नाही.